लोहाची आवक आणि यकृताचा पहारा

गोदाम भरलेले असताना नवा माल उतरवून घेऊ नये आणि शिल्लक संपत आली की दार उघडावे, हे पेण-रोह्याच्या बाजारपेठेतील व्यापाऱ्याला शिकवावे लागत नाही. लोहाच्या बाबतीत आपले शरीर हाच व्यवहार पाळते.

प्रौढ शरीरात साधारण ३ ते ४ ग्रॅम लोह असते. नव्या रक्तपेशींसाठी रोज २० ते २५ मिलिग्रॅम लागते. मात्र त्यातील बहुतेक जुन्या पेशी मोडून परत मिळते. आहारातून १ ते २ मिलिग्रॅम शोषले गेले तरी पुरते. जास्तीचे लोह बाहेर टाकण्याची स्वतंत्र सोय शरीरात नाही. म्हणून सारे नियंत्रण आवकीवर. ते यकृतातील 'हेप्सिडिन' हे संप्रेरक करते. ते वाढले की आतड्यातून रक्तात लोह सोडणारे दार मिटते. साठा घटला की ते कमी होते आणि शोषण वाढते.

तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. दार उघडे असले तरी मालच कमी आला, तर साठा वाढणार कसा? मासिक पाळीत लोह जाते आणि वनस्पतिजन्य लोह सहज शोषले जात नाही. शिवाय जंतुसंसर्ग वा दीर्घकाळची सूज असली, तर हेप्सिडिन वाढून दार बंदच राहते.

शाकाहारी घरात यावर उपाय आहेत. वाल, चवळी, हरभऱ्यासोबत लिंबू वा आवळा घेतल्यास शोषण वाढते. चातुर्मासात हिरवे वर्ज्य असेल, तर वाळलेल्या आवळ्याचे चूर्ण उपयोगी पडते. चहा जेवणानंतर किमान तासाभराने घ्यावा. चौविहार पाळणाऱ्यांना लोहाची गोळी सकाळी घेणे सोयीचे, आणि तेव्हा हेप्सिडिनही कमी असते. एका गोळीनंतर ते सुमारे दिवसभर वाढलेले राहते. म्हणूनच २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या स्विस अभ्यासात, लोह कमी असलेल्या स्त्रियांमध्ये एक दिवसाआड दिलेल्या गोळीतील लोह अधिक शोषले गेले. अर्थात मात्रा वैद्यांनीच ठरवावी; गर्भवतींनी तर स्वतःहून बदल करूच नये.

प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या कमतरतेमुळेच होतो असे नाही. थॅलेसेमियात साठा भरलेला असूनही हेप्सिडिन कमी राहते आणि लोह साचत जाऊन यकृत व हृदयाला इजा करते. म्हणून गोळ्या सुरू करण्यापूर्वी हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनचीही तपासणी करून घ्यावी आणि विवाह ठरवताना दोन्ही घरांनी थॅलेसेमियाची चाचणी संकोच न धरता करावी.