फार्रबिकचं वर्ष

आमच्या घरात आजोबांचा एकच फोटो आहे, तोही कुणाच्या तरी लग्नातला, फेटा बांधलेला. पाभर धरताना किंवा खळ्यावर त्यांना कुणी कधी टिपलं नाही. त्यामुळे एका फिल्म सोसायटीत ‘फार्रबिक’ पाहिला, तेव्हा मला चक्क हेवा वाटला.

फार्रबिक हे दक्षिण फ्रान्समधल्या आव्हेरों जिल्ह्यातल्या एका शेताचं नाव. दिग्दर्शक जॉर्ज रुकिए मूळचे छापखान्यातले, लायनोटाइपवर काम करणारे. १९४४-४५ मध्ये त्यांनी या शेतावरचे चारही ऋतू चित्रित केले. शेत त्यांच्याच नातेवाइकांचं. पडद्यावर दिसतात ती हीच माणसं, आपल्याच घरात. नांगरणी, कापणी, घरच्या भट्टीत भाजलेला पाव. आणि एक वाद : पैसे घराच्या दुरुस्तीला घालायचे की वीज घ्यायची? आपल्याकडे ‘आधी विहीर की आधी घर’ म्हणून रात्र रात्र चर्चा चालते, अगदी तसाच!

वसंत येतो तेव्हा कळ्या बघता बघता उमलतात. ठरावीक अंतरानं एकेक चौकट टिपायची आणि नेहमीच्या वेगानं दाखवायची, की कित्येक तास काही क्षणांत सरकतात. शेतकऱ्याला जे वाट पाहून दिसतं, ते शहरातल्या प्रेक्षकाला असं बसल्या जागी दिसलं.

पण हे सारं आपोआप घडताना टिपलेलं नाही. प्रसंग आधी रचलेले होते. चित्रपटात म्हातारे आजोबा वारतात, तो मृत्यूही त्यांनी कॅमेऱ्यापुढे वठवलेला आहे. मग याला माहितीपट म्हणायचं का? माझ्या मते म्हणावं. प्रसंग रचलेला असला, तरी नांगरावरचा हात सरावाचा आहे. तो नटाला साधला नसता. मला खटकतं ते वेगळंच. त्या वर्षी युरोपात महायुद्ध पेटलेलं होतं, फ्रान्स नुकताच जर्मनांच्या ताब्यातून सुटला होता. चित्रपटात त्याचा मागमूस नाही. काय रचलं यापेक्षा काय गाळलं, हे अशा चित्रपटांना विचारायला हवं.

पुढे रुकिए पुन्हा त्याच माणसांकडे गेले आणि १९८३ मध्ये ‘बिकफार’ आला. त्यात ट्रॅक्टर आहेत, रासायनिक फवारणी आहे, विकायला निघालेलं एक लहान शेत आहे. पहिल्या चित्रपटातली तरणी पोरं इथं म्हातारी दिसतात. या खेपेला म्हातारपण कुणाला वठवावं लागलेलं नाही.