सालईचा डिंक आणि उतारवयातील सांधेदुखी

सातपुड्याच्या उतारावर, जेथे माती पातळ व खडक उघडा असतो, तेथे सालईचे झाड हमखास आढळते. कडुनिंबासारखी परंतु दातेरी काठांची पाने, कागदासारखे पापुद्रे सुटणारी साल आणि हिवाळा सरताना निष्पर्ण फांद्यांवर येणारी बारीक पांढरी फुले यांवरून ते लांबूनही ओळखता येते. हिचे लाकूड खोकी व आगपेट्यांच्या कामी येई. नेपानगरच्या गिरणीत त्याचा वृत्तपत्राचा कागदही झाला. या लाकडापायी किती सालई गेली असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला दिसत नाही. झाडाचे खरे मोल मात्र त्याच्या सुगंधी डिंकात आहे. धूप म्हणून घरोघरी जळणारा हा डिंक म्हणजेच आयुर्वेदातील शल्लकीचा निर्यास होय. चरक व सुश्रुत या दोघांच्याही संहितांत शल्लकीचा उल्लेख आढळतो.

साठी उलटलेल्या शेतकऱ्याचे गुडघे दुखू लागले, की वयाचा परिणाम म्हणून त्याकडे दुर्लक्ष केले जाते. कापूस वेचण्यात व उकिडवे बसून निंदण्यात आयुष्य गेलेल्या स्त्रियांचे दुखणे तर घरात कोणी विचारीतही नाही. जखम झाली असता ती जागा लाल होते, सुजते व ऊन लागते. हा दाह शरीराच्या संरक्षणासाठीच असतो आणि काम झाल्यावर तो शमतो. वय वाढते तसा मात्र तो पूर्णपणे शमत नाही, राखेखालच्या निखाऱ्याप्रमाणे मंदपणे चालू राहतो. इटलीतील शास्त्रज्ञ क्लाउदिओ फ्रान्चेस्की व त्यांचे सहकारी यांनी २००० साली वार्धक्यातील या मंद दाहाकडे लक्ष वेधले. गुडघ्यातील कूर्चा झिजण्यास वय, वजन व कष्ट यांबरोबर या दाहाचाही हातभार लागतो.

सालईच्या डिंकात बॉस्वेलिक आम्ले असतात. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतील सिंग व अटल यांनी या डिंकाचा दाहशामक गुण प्राण्यांवरील प्रयोगांत पाहून १९८६ साली प्रसिद्ध केला. पुढे जर्मनीतील संशोधकांना असे आढळले की, दाह वाढविणारी द्रव्ये ज्या विकराच्या साहाय्याने शरीरात तयार होतात, त्या विकरास ही आम्ले आवर घालतात.

माणसांवरील एक महत्त्वाची चाचणी नागपूर येथे झाली व तिचा वृत्तांत २००३ साली प्रसिद्ध झाला. गुडघ्याच्या संधिवाताचे तीस रुग्ण तीत होते. निम्म्यांना आठ आठवडे डिंकाचा अर्क व निम्म्यांना तसेच दिसणारे निष्क्रिय औषध देण्यात आले, आणि मध्ये काही काळ सोडून मग अदलाबदल केली गेली. अर्क घेणाऱ्यांची वेदना व सूज कमी झाली, गुडघा अधिक वाकू लागला व चालण्याचे अंतर वाढले. क्ष-किरण चित्रांत मात्र काहीच फरक दिसला नाही. म्हणजे दुखणे हलके झाले, पण झिजलेला सांधा भरून आला नाही. हा भेद ग्रामसेवकांनी गावकऱ्यांस नीट समजावून द्यावा. तीस रुग्णांची चाचणी लहानच म्हणावयाची, हेही सांगावे.

चाचणीत वापरला तो प्रमाणित अर्क होता, धुपाच्या पुडीतील खडा नव्हे. कच्चा डिंक कुटून खाऊ नये. त्यात माती व साल मिसळलेली असते आणि मात्रेचा अंदाज राहत नाही. अर्क वैद्याच्या वा डॉक्टरांच्या सल्ल्याने व जेवणाबरोबर घ्यावा. जेवणात तेल-तूप असल्यास तो अधिक अंगी लागतो. काहींना मळमळ वा जुलाब होतात. रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास डॉक्टरांस तसे आधी सांगावे.

खरा धोका निराळाच आहे. आठवडी बाजारात जडीबुटीच्या नावाने मिळणारी एखादी पुडी दोन दिवसांत गुडघा मोकळा करते. वनस्पतीचा गुण इतक्या झटपट येत नाही. अशा काही पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले आढळते. त्याने चेहरा सुजतो, रक्तातील साखर वाढते व हाडे ठिसूळ होतात. आणि पुडी एकाएकी बंद केल्यासही प्रकृती बिघडू शकते. म्हणून पुडी घेत असलेल्या वृद्धास ती बंद करण्याचा परस्पर सल्ला न देता पुडीसह आरोग्य केंद्रात न्यावे. सांधा लाल व ऊन होऊन ताप आला असेल, तर त्याच दिवशी न्यावे.

डिंकाची मागणी वाढल्याने झाडावरही संकट आले आहे. घाईने कुऱ्हाड चालविली की घाव लाकडापर्यंत जातो, तेथे कीड शिरते व झाड वाळते. सालईच्याच कुळातील आफ्रिकी झाडांवर एरिट्रिया देशात केलेल्या व २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, खाच न दिलेल्या झाडांचे शेकडा ८० हून अधिक बी उगवले, तर वारंवार खाच दिलेल्या झाडांचे केवळ १६. तेव्हा नव्वद सेंटिमीटरहून कमी घेराच्या झाडास हात लावू नये. पावसाळा संपल्यावर धारदार हत्याराने सालीचा वरचा थरच तासावा, खोडाभोवती पूर्ण वेढा कधीही घेऊ नये आणि काही हंगामांनंतर झाडास विश्रांती द्यावी.

सालईचे बी फारसे उगवत नाही, फांदी मात्र रुजते. पालवी फुटण्यापूर्वी मनगटाएवढ्या जाडीच्या फांद्या कापून त्या मुरमाड बांधावर वा पडीक उतारावर लावाव्यात. पाणी साचणारी काळी जमीन टाळावी. पहिली काही वर्षे गुरे व वणवा यांपासून काटेरी कुंपणाने राखण करावी. डिंक काढण्याजोगा घेर येण्यास बरीच वर्षे लागतात. तोवर या झाडास खाच घालू नये.