प्रार्थनेचे पैसे मागितले तर? ख्रिस्ती ‘कृपे’ची शिकवण आणि खोटा उपदेशक ओळखण्याची जुनी कसोटी

मूल तापाने फणफणलंय, पाऊस थांबायचं नाव घेत नाही आणि आरोग्य केंद्र नाल्याच्या पलीकडे आहे. गडचिरोलीच्या भामरागड, एटापल्ली भागात ही वेळ अनेक घरांवर येते. महाराष्ट्रात मलेरियाचं सर्वाधिक ओझं वाहणारा हा जिल्हा. अशा वेळी आधी गावातल्या पुजाऱ्याकडे जायची रीत आहे. इथे पुजारी म्हणजे देवळातला नव्हे, झाडपाला आणि मंत्राने उपचार करणारा. ख्रिस्ती झालेल्या घरात ही जागा कधी कधी प्रार्थना करणारा उपदेशक घेतो.

तो म्हणाला, ‘प्रार्थना करू आणि दवाखान्यातही नेऊ’, तर प्रश्नच नाही. पण तो म्हणाला, ‘विश्वास असेल तर गोळी कशाला?’ किंवा ‘आधी देवाच्या कामासाठी काही द्या, मग आशीर्वाद येईल’, तर? तो खरं शिकवतोय की खोटं, हे त्या घराने ओळखायचं कसं?

यासाठी बाहेरचा निकष शोधायची गरज नाही. ख्रिस्ती धर्माच्या गाभ्याची जी शिकवण आहे, तारण कृपेने मिळतं, तीच इथे कसोटीला लावता येते.

‘तारण’ बँकेतलं आणि चर्चमधलं

मराठीत हा शब्द दोन ठिकाणी भेटतो. बँकेत सोनं तारण ठेवलं की कर्ज मिळतं. चर्चमध्ये तारण म्हणजे पापापासून आणि मृत्यूपासून सुटका. व्यवहारातल्या तारणाला आधी काहीतरी गहाण टाकावं लागतं. ख्रिस्ती शिकवण नेमकी उलटी आहे: माणसाकडे गहाण टाकण्यासारखं काहीच नाही, म्हणून देव स्वतःच किंमत मोजतो. येशूचा क्रुसावरचा मृत्यू ही ती किंमत. माणसाने ती विश्वासाने स्वीकारायची. पुण्य साठवून, उपास करून, पैसे देऊन ती विकत घेता येत नाही. या फुकट मिळणाऱ्या देणगीला ‘कृपा’ म्हणतात.

भारतीय वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. वारकरी परंपरेत देवाच्या कृपेवर भिस्त ठेवणं नवं नाही. दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांमध्ये तर यावर मोठा वाद झाला. माकडाचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून ठेवतं, मांजरीचं पिल्लू मात्र काहीच करत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते. भक्त कोणत्या पिल्लासारखा, यावर दोन पंथ पडले. ख्रिस्ती धर्मातही जवळपास हाच वाद शतकानुशतकं चालला. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला पेलाजियस म्हणत होता, की माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीने पापमुक्त जगू शकतो. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचे बिशप ऑगस्टीन यांनी त्याला विरोध केला. 418 मध्ये कार्थेजच्या धर्मपरिषदेने पेलाजियसची मतं अमान्य केली. मांजरीची बाजू सरस ठरली, असं ढोबळपणे म्हणता येईल.

चांद्यात कोणकोणती चर्च आहेत?

चंद्रपूर आणि गडचिरोली हा 1982 पर्यंत एकच जिल्हा होता. 2011 च्या जनगणनेनुसार गडचिरोलीत अनुसूचित जमातींचं प्रमाण 38 टक्क्यांहून जास्त, चंद्रपुरात साधारण 18 टक्के. ख्रिस्ती लोकसंख्या दोन्हीकडे एक टक्क्याहूनही कमी. पण या थोड्या लोकांत विविधता बरीच आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चने चांद्यात मिशन सुरू केलं. इथे काम केलेले अलेक्स वुड पुढे नागपूरचे बिशप झाले. ती परंपरा आज चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आहे. या चर्चची स्थापनाच 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात झाली. दक्षिणेकडे सिरोंच्यात अमेरिकन मेथडिस्ट मिशनने काम केलं. 1962 मध्ये कॅथलिकांपैकी केरळच्या सिरो-मलबार चर्चकडे चांद्याचा मुलूख सोपवला गेला. केरळबाहेर त्या चर्चला मिळालेलं हे पहिलं मिशनक्षेत्र. 1977 मध्ये त्याला धर्मप्रांताचा दर्जा मिळाला, त्याचं मुख्य ठाणं बल्लारपुरात आहे. यांच्या जोडीला पेंटेकॉस्टल आणि स्वतंत्र मंडळ्या आहेत. त्यांत काही घरांत भरतात, काहींचा पाळक दुसऱ्या गावाहून येतो, आणि त्या पाळकाच्या वर बिशप किंवा समिती असेलच असं नाही. आता मोबाइलवर दूरदूरचे उपदेशकही घरात पोहोचतात. मराठी, गोंडी, माडिया, तेलुगू, बंगाली अशा भाषांच्या या मुलखात ऐकणाऱ्याला उपदेशकाचा शब्द पडताळून पाहणं सोपं नसतं.

पहिल्या शतकातले फिरते उपदेशक

खोट्या शिकवणीची चिंता मोबाइलमुळे सुरू झालेली नाही. नव्या करारातली कितीतरी पत्रं तिच्यापोटीच लिहिली गेली. गलतियातल्या मंडळ्यांत काही शिक्षक शिरले. येशूवर विश्वास पुरेसा नाही, सुंताही हवी, असं ते सांगू लागले. प्रेषित पौल इतका चिडला की या पत्रात त्याने नेहमीचे आभाराचे शब्दही लिहिले नाहीत, थेट फैलावर घेतलं. त्याचा मुद्दा सरळ होता: कृपेला एखादी अट जोडली की ती कृपा राहत नाही.

पैशाचं उदाहरण ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आहे. शोमरोनातल्या शिमोन नावाच्या जादूगाराने पाहिलं, की प्रेषितांनी डोक्यावर हात ठेवले की लोकांना पवित्र आत्मा मिळतो. त्याने ती शक्ती विकत मागितली. पेत्राने त्याला कडक शब्दांत झिडकारलं. पुढे चर्चमधल्या पदांच्या खरेदी-विक्रीला युरोपात याच शिमोनाचं नाव पडलं.

सर्वांत व्यवहारी नियम मात्र बायबलबाहेर सापडतात. ‘डिडाखे’ ही आरंभीच्या ख्रिस्ती मंडळ्यांची छोटी नियमपुस्तिका. ती शतकानुशतकं हरवलेली होती. 1873 मध्ये तिची प्रत कॉन्स्टँटिनोपलमध्ये सापडली, दहा वर्षांनी ती छापली गेली. गावोगाव फिरणाऱ्या उपदेशकांचं काय करायचं, हा प्रश्न त्या मंडळ्यांनाही होता. नियम असे: पाहुण्याला आदराने घ्या, पण तो एक दिवस राहील, फार तर दोन. तिसऱ्या दिवशीही मुक्काम हलवला नाही, तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी द्यावी, पैसे मागितले तर तोही खोटा. ‘मला पैसे द्या’ असं कुणी देवाचा आत्मा संचारल्यासारखं बोलला, तर ऐकू नये. मात्र दुसऱ्या गरजूसाठी मागत असेल, तर त्याला दोष देऊ नये. कोरची किंवा धानोऱ्याच्या आडवाटेवरच्या गावात हे नियम आजही जसेच्या तसे लावता येतील.

ल्यूथर ते 1999

सोळाव्या शतकात वाद पुन्हा पेटला, तोही पैशावरून. रोममधल्या सेंट पीटर चर्चच्या बांधकामासाठी जर्मनीत पापाच्या शिक्षेतून सूट देणारी पत्रं विकली जात होती. 1517 मध्ये मार्टिन ल्यूथर यांनी त्याविरुद्ध 95 मुद्दे मांडले आणि पश्चिमेचं चर्च दुभंगलं.

या भांडणाचा समेट मात्र फारसा ठाऊक नसतो. 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतल्या ऑग्सबर्गमध्ये कॅथलिक चर्च आणि ल्यूथरन महासंघाने संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. माणूस देवापुढे आपल्या कर्तबगारीमुळे नव्हे, केवळ कृपेने स्वीकारला जातो, हे दोघांनी मान्य केलं. 2006 मध्ये मेथडिस्ट त्यात सामील झाले, 2016 मध्ये अँग्लिकन परिषदेने तिच्या आशयाला दुजोरा दिला, 2017 मध्ये रिफॉर्म्ड चर्चही आली. म्हणजे बल्लारपूर, चंद्रपूर आणि सिरोंच्यातल्या जुन्या चर्चची मुळं ज्या परिवारांत आहेत, त्या सगळ्यांचं या मुद्द्यावर एकमत आहे. पेंटेकॉस्टल मंडळ्यांनी सह्या केल्या नसल्या, तरी कृपेने तारण ही शिकवण त्याही देतात. ‘आमच्या पंथात असंच असतं’ ही सबब त्यामुळे फारशी टिकत नाही.

पंडिता रमाबाईंची आठ वर्षं

हे सगळं विद्वानांचं भांडण वाटत असेल, तर पंडिता रमाबाईंकडे पाहावं. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. संस्कृत पंडिता, तर्कात कुणाला न हरणाऱ्या. पण 1907 च्या आपल्या आत्मनिवेदनात त्या सांगतात, की नंतर आठ वर्षं मनाला शांतता नव्हती. धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूंचं आत्मकथन त्यांच्या वाचनात आलं. हॅस्लम यांना तर स्वतः प्रवचन देत असताना उमगलं होतं, की आपण जे सांगतोय ते आपल्यालाच कळलेलं नाही. रमाबाईंना स्वतःचं चित्र त्यात दिसलं. बाप्तिस्मा, नियम, सत्कृत्यं यांच्या बळावर तारण होत नाही, हे त्यांना तेव्हा पटलं. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुलींना वाचवून आणणाऱ्या रमाबाई त्यानंतरच्या. चांदा तेव्हा मध्य प्रांतातच होता.

त्यांच्या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांना वाटत होतं, की रमाबाई चुकीच्या शिकवणीकडे झुकताहेत. रमाबाई उत्तर देत, की मी बायबल स्वतः वाचून ठरवीन, तुम्ही म्हणता म्हणून मानणार नाही. हा पत्रव्यवहार 1977 मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला, तो जरूर वाचावा. ‘खोटी शिकवण’ हा शिक्का अधिकार गाजवण्यासाठीही वापरला जातो, हे त्यातून दिसतं. मूळ ग्रंथ हाती असणं हाच रमाबाईंचा उपाय होता. आयुष्याच्या अखेरीपर्यंत त्या मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करत राहिल्या.

गोळी, देणगी आणि कायदा

आता पुन्हा त्या तापाच्या मुलाकडे. ‘बी पेरा म्हणजे पीक येईल’, म्हणजे देणगी द्या, आरोग्य आणि पैसा मिळेल, असा उपदेश जगभर पसरला आहे. त्यावर टीका खुद्द ख्रिस्ती लोकांनीच केली. आफ्रिकेतल्या इव्हँजेलिकल अभ्यासकांनी 2008 आणि 2009 मध्ये घानात बसून त्याविरुद्ध निवेदन तयार केलं. कृपेच्या शिकवणीतून पाहिलं तर या उपदेशात दोन खोट आहेत. एक, देवाशी सौदा. दुसरी जास्त क्रूर: बरं झालं नाही, तर दोष आजाऱ्याच्या ‘कमी विश्वासा’वर येतो. गोळी सोडणं हा विश्वासाचा पुरावा ठरवला, की तेही गलतियातल्या सुंतेसारखंच झालं, कृपेला चिकटवलेली आणखी एक अट.

इथे कायदाही लागू होतो. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर 2013 मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणं आणि फसवणं त्याखाली गुन्हा आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं हाही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. हा कायदा कोणत्याही एका धर्मासाठी नाही. शारीरिक इजा किंवा आर्थिक नुकसान न करणाऱ्या प्रार्थनेला त्यात स्पष्ट सूट आहे. आजाऱ्यासाठी हात जोडणारा पाळक गुन्हेगार ठरत नाही.

मग चर्चमध्ये दान गोळा होतं, त्याचं काय? फरक दान आणि दर यांत आहे. पाळकाचा पगार, छपराची डागडुजी यांसाठी मंडळी स्वखुशीने देतात. मिस्सा अर्पण करण्यासाठी देणगी घेण्याची पद्धत कॅथलिकांत आहे, पण गरजूंसाठी काही न घेताही ती करावी, असं चर्चच्या कायद्यातच आवर्जून सुचवलं आहे. दर ठरला, आणि न देणाऱ्याला आशीर्वाद नाकारला, की गोष्ट बदलते.

हाच निकष उलट्या दिशेनेही लागतो. शेजारच्या छत्तीसगडमध्ये मध्य प्रदेशच्या 1968 च्या कायद्याचा वारसा आहे. बळ, आमिष किंवा फसवणुकीने धर्मांतर घडवणं त्याने गुन्हा ठरवलं. तांदूळ, नोकरी किंवा बरं होण्याची हमी देऊन माणूस ‘तारला’ असं कुणी म्हणत असेल, तर कायद्याच्या आधी तो स्वतःच्या धर्माच्या शिकवणीलाच मोडतो. जे फुकट आहे, त्यासाठी आमिष कशाला?

‘सगळं माफ’ असंही नाही

कृपा फुकट आहे, मग कसंही वागा, असा उपदेशही खोट्यातच मोडतो. कृतीशिवाय विश्वास मेलेला आहे, असं याकोबाचं पत्र बजावतं. जर्मन धर्मगुरू डीट्रिख बोनहोफर यांनी 1937 मध्ये ‘स्वस्त कृपे’वर टीका केली होती. पश्चात्ताप नको, बदल नको, फक्त माफी हवी, हा त्यांच्या टीकेचा रोख होता. पुढे हिटलरला विरोध केल्याबद्दल त्यांना फाशी झाली. घरी बायकोला मारणारा, सावकारी करणारा माणूस रविवारी मोठ्याने गातो, एवढ्यावरून त्याचं तारण झालं असं कुठलंच जुनं चर्च म्हणत नाही. सत्कर्म तारणाची किंमत नसते, ते तारणाचं फळ असतं, असं या शिकवणीचं म्हणणं आहे.

राहिला गावकऱ्यांचा व्यवहारी प्रश्न: विचारायचं काय? उपदेशक कोणत्या मंडळीचा, त्याला कुणी नेमलं, त्याच्यावर तक्रार कुणाकडे करायची, हे विचारणं म्हणजे अविश्वास नाही. बेरिया गावातल्या लोकांनी पौलाचं बोलणंही रोज शास्त्र उघडून पडताळलं, आणि त्याबद्दल नव्या करारात त्यांची स्तुतीच आहे. मंडळीचा न्यास नोंदलेला असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 नुसार त्याचे हिशेब दरवर्षी तपासून धर्मादाय कार्यालयात द्यावे लागतात. आणि ताप असेल, तर रक्ताचा नमुना आशाताईंकडे गावातच देता येतो, मलेरियाची तपासणी आणि गोळ्या सरकारी यंत्रणेत मोफत आहेत.