बहीण-भाऊ, तीन दिवस आणि सिंगापूर : एकत्र जाताना वेगवेगळं काय लागतं?

लग्नकार्यात नाहीतर दिवाळीत भेटणाऱ्या भावंडांचं कधीतरी ठरलेलं असतं, 'एकदा आपण दोघंच कुठेतरी जाऊ.' शुक्रवारी रात्री निघून सोमवारी परतायचं असेल तर सिंगापूर सोयीचं. मुंबईहून थेट विमान साधारण साडेपाच तासांत पोहोचतं, घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असतं आणि शहर मेट्रोने सहज फिरता येतं. मात्र घरी तुम्ही एक कुटुंब असलात, तरी इमिग्रेशनला, बँकेला आणि मेट्रोच्या गेटला तुम्ही दोन स्वतंत्र प्रवासी असता. गोंधळ होतो तो इथेच.

दोघांचा व्हिसा एकत्र मिळतो का?

नाही. भारतीय पासपोर्टवर सिंगापूरचा व्हिसा आधी काढावा लागतो आणि प्रत्येकाचा अर्ज वेगळा असतो. शुल्क माणशी ३० सिंगापूर डॉलर. व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. एजंटची फी वेगळी. दोन्ही अर्ज एकाच दिवशी दिले म्हणून निकालही एकाच दिवशी येईल, याची हमी नाही. त्यामुळे स्वस्त दिसतंय म्हणून पैसे परत न मिळणारं तिकीट आधीच काढणं हा सरळसरळ जुगार आहे. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी, तीही दोघांची.

बहिणीचं आडनाव बदललं असेल तर?

पासपोर्टवर माहेरचं आडनाव आणि आधार-पॅनवर सासरचं, हे आपल्याकडे सर्रास दिसतं. व्हिसा आणि तिकीट दोन्हींवर पासपोर्टवरचंच नाव हवं. बुकिंग भाऊ करत असेल तर त्याने अंदाजाने नाव टाकू नये, पासपोर्टचा फोटो मागवून घ्यावा. भावंडांची आडनावं वेगळी असण्याची काहीच अडचण नसते.

'एसजी अरायव्हल कार्ड'ही दोघांची माहिती देऊन ऑनलाइन भरायचं असतं. पोहोचण्याच्या दिवसासह तीन दिवसांच्या आत ते भरता येतं आणि ते पूर्णपणे मोफत आहे. एखादी वेबसाइट त्यासाठी पैसे मागत असेल तर ती सरकारी नाही, एवढं ओळखा.

हॉटेलची प्रत दोघांच्याही मोबाइलमध्ये ठेवा. आणि हो, दोन प्रौढ म्हटलं की अनेक ॲप आधी 'डबल' रूम दाखवतात. वेगवेगळे बेड हवे असतील तर 'ट्विन' निवडा.

खर्च एकाच कार्डावर चालेल का?

जेवणखाण, तिकिटं चालतील. मेट्रोत नाही. तिथे बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड गेटवर टेकवून आत जाता येतं, पण माणशी एक कार्ड लागतं. एकाच कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या नियमांमुळे नव्या कार्डांवर परदेशी आणि कॉन्टॅक्टलेस व्यवहार आपले आपण सुरू करावे लागतात. हे काम निघण्याआधीच बँकेच्या ॲपमध्ये उरका. दुकानातल्या मशीनने 'रुपये की डॉलर' असं विचारलं तर डॉलर निवडा. रुपये निवडल्यास दर मशीन ठरवतं आणि तो बहुधा महागात पडतो.

हिशेब रोज रात्री करा. परतल्यावर 'राहू दे, नंतर बघू' म्हणण्यात ज्याचा पगार कमी, त्याचीच पंचाईत होते.

आईने दिलेला डबा?

चिवडा, लाडू चालतात. अनारसे मात्र घरीच ठेवा, कारण खसखशीवर सिंगापूरमध्ये निर्बंध आहेत. चघळायची तंबाखू, व्हेप आणि च्युइंगगम यांनाही बंदी आहे.

मग बघायचं काय?

तिकिटाच्या जागा मोजक्याच निवडा, कारण फुकटातही बरंच काही आहे. २०१५मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या बोटॅनिक गार्डन्सला प्रवेश शुल्क नाही. नळाचं पाणी पिता येतं, त्यामुळे बाटली सोबत ठेवा. जेवायला लिटल इंडियातलं टेक्का सेंटर किंवा कुठलंही हॉकर सेंटर गाठा. जेवल्यावर ट्रे स्वतः उचलून ठेवायचा, तिथे तो नियमच आहे.

एकाला खरेदी आणि दुसऱ्याला म्युझियम हवं असेल तर दिवसभर खुशाल वेगळे फिरा. संध्याकाळी ७.४५ला 'गार्डन्स बाय द बे'मध्ये सुपरट्रीखाली भेटा. प्रकाश-संगीताचा तो खेळही मोफत आहे. एकाला उशीर झालाच तर दुसरा खेळ ८.४५ला असतो.