दुसरा पंख

उजव्या पंखाच्या मुळाशी असलेल्या रिबवर पेन्सिलीने तारीख घातली आहे: 12 ऑगस्ट 2007, रविवार. अक्षर माझंच, पण आतापेक्षा बरंच सुबक. त्या दिवशी माझ्या पायपर कबच्या मॉडेलचा पहिला पंख पुरा झाला आणि काम थांबलं. पुन्हा हात लागायला 2024 उजाडलं.

विचारणाऱ्यांना मी कारणं देत आलो. मुलगी झाली, बदली झाली, मग आईचं आजारपण. खोटं त्यातलं काहीच नाही. पण त्याच काळात मी दोन छोटी विमानं बनवली, उडवली, एक आंब्यावर अडकवलंसुद्धा. खरं कारण दुसरा पंख. पहिल्यात प्रत्येक जोड नवा असतो. दुसऱ्यात तेच सगळं, उलट बाजूने. त्यातून आमच्या आराखड्यावर पंख एकच काढलेला. दुसऱ्यासाठी कागदाला खोबरेल चोळून तो आरपार दिसेलसा करायचा, पालथा घालायचा आणि त्यावर टाचण्या टोचत बांधायचं. हे विसरून दोन्ही पंख उजवेच करून बसलेली माणसं या छंदात आहेत. मी तेल चोळलं, कागद निथळत ठेवला आणि तो 17 वर्षं निथळत राहिला.

खरं कब म्हणजे पिवळंधमक, कुशीला काळी वीज ओढलेलं, दोन जणांचं विमान. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लॉक हेवन गावी 1938 ते 1947 या काळात अशी सुमारे 20 हजार बनली. इंजिन बहुतेकांत 65 अश्वशक्तीचं. पंखांचा विस्तार 35 फूट 3 इंच. माझं मॉडेल त्याच्या चौथ्या हिश्शाचं, म्हणजे 106 इंच, जवळजवळ नऊ फूट. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये नऊ फूट म्हणजे काय, ते ज्याचं त्याने टेप धरून बघावं. तो एकटा पंख आणि धडाचा सांगाडा जुन्या पांढऱ्या चादरीत गुंडाळून माळ्यावर गेला. आई दर दिवाळीला म्हणायची, "काढ रे बाबा ती तिरडी खाली."

खाली काढली तेव्हा वाळवीची धास्ती होती. ती नव्हती. बाल्साचं लाकूड तसंच, जोड घट्ट, पंखाला पीळ नाही. बिघडलं होतं ते सगळं विकत आणलेलं. इंधनाची नळी बिस्किटासारखी मोडली. निकेल-कॅडमियम बॅटरीच्या टोकांवर हिरवट थर साचला होता. तिची काळी तार सोलली तर आतलं तांबंही काळं पडलेलं. आणखी दोन इंच सोललं, तिथेही काळंच. तार सरळ कचऱ्यात टाकली.

रेडिओचीही तीच गत. आमचा 72 मेगाहर्ट्‌झचा, क्रिस्टल बदलायचा. एकाच चॅनेलवर दोघांनी ट्रान्समीटर लावला की विमान जमिनीवर. म्हणून मैदानात एक फळी असायची, तिला चॅनेलचे आकडे लिहिलेले कपड्यांचे चिमटे. ज्याच्याकडे चिमटा, त्याचं आकाश. 2005 च्या सुमारास 2.4 गिगाहर्ट्‌झचे रेडिओ बाजारात यायला लागले आणि फळी गेली. सोय झाली हे खरंच. पण चिमट्याची वाट बघत उभं असतानाच मी निम्मा छंद शिकलो.

मध्ये कायदाही आला. ऑक्टोबर 2014 मध्ये विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) नियम होईपर्यंत खाजगी मानवरहित विमानं उडवण्यालाच मनाई केली. आयतीच सबब मिळाली. मी ती मन लावून वापरली. 2021 च्या ड्रोन नियमांनी 25 किलोपर्यंतच्या, हौसेखातर नजरेच्या टप्प्यात उडवायच्या मॉडेलना टाइप सर्टिफिकेटमधून मोकळं केलं, आणि सबब संपली. आता उडवण्याआधी ड्रोनसाठीच्या नकाशावर हिरवा, म्हणजे परवानगी न लागणारा, भाग शोधायचा. एकीकडे लोहगावचा विमानतळ, दुसरीकडे खडकवासल्याची संरक्षण प्रबोधिनी. पुणेकराला त्यासाठी गाडी काढावी लागते.

डावा पंख पावसाळ्यात बांधला. तेलकट आराखडा पिवळा पडला होता, पण रेघा दिसत होत्या. बाल्सा मात्र जुन्यासारखं मिळेना. हे लाकूड मुख्यतः इक्वेडोरमधून येतं. 2020 च्या आसपास पवनचक्क्यांच्या पात्यांसाठी त्याला एवढी मागणी आली की भाव चढले आणि आमच्यासारख्यांच्या वाट्याला येईल ते घ्यायची वेळ आली. एकाच मापाच्या दोन फळ्यांच्या वजनात दुपटीचा फरक पडू शकतो, हे या लाकडाचं जुनंच दुखणं. 2007 मध्ये मी दुकानात काटा घेऊन बसायचो. या वेळी पार्सल येईल ते गोड मानून घेतलं.

व्हायचं तेच झालं. नवा पंख 62 ग्रॅमने जड. सगळं जोडून विमान प्रोपेलरच्या दांड्याशी आणि शेपटीशी दोरीने टांगलं, तर डावी बाजू हळूच खाली गेली, जुना पंख वर. नवा पंख तासत बसण्यापेक्षा जुन्याच्या टोकाशी वजन ठेवणं बरं. टोक लांब पडतं, त्यामुळे फरकाच्या निम्म्या वजनात भागतं. पंखावर कापड चढवण्याआधी ते आत चिकटवायला हवं. 31 ग्रॅम शिसं हवं होतं आणि ते गळाच्या सामानाच्या दुकानात मिळतं.

दुकानदाराने गोळ्या मोजून दिल्या आणि विचारलं, "गळ कुठे टाकणार, खडकवासल्याला?"

मी हो म्हटलं.