ॲटॅक, पंपिंग आणि उतरलेला टी-थ्री

गडहिंग्लजमध्ये कुणाला ॲटॅक आला की ईसीजी निघेपर्यंत घरात एकच खल चालतो: कोल्हापूर की बेळगाव? गाडी महामार्गाला लागते, अँजिओग्राफी होते आणि पुढचे दोन-तीन दिवस सगळे गणगोत दोनच गोष्टी विचारत असतात. ब्लॉक किती निघाले? पंपिंग किती आहे? अशात फाइलमध्ये थायरॉइडचा रिपोर्ट दिसतो, टी-थ्री कमी असतो, आणि कोणीतरी म्हणतंच, ‘‘आता थायरॉइडपण झालं म्हणायचं!’’

बहुतेक वेळा तसं काही झालेलं नसतं. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मुख्यतः टी-फोर म्हणजे थायरॉक्सिन हे संप्रेरक तयार करते. प्रत्यक्ष कामाला येतो टी-थ्री. १९५२ मध्ये लंडनमध्ये जॅक ग्रॉस आणि रोझालिंड पिट-रिव्हर्स यांनी तो शोधला. शरीरातला सुमारे ८० टक्के टी-थ्री ग्रंथीबाहेर, यकृतासारख्या अवयवांत, टी-फोरमधला आयोडीनचा एक अणू काढून बनतो. हृदयाच्या पेशींना तो सतत लागतो. आकुंचनानंतर पेशीतलं कॅल्शियम आवरून स्नायू सैल करणारी यंत्रणा त्याच्याच हुकमावर चालते, रक्तवाहिन्याही त्याच्यामुळे सैलावतात.

झटका आला की हे रूपांतर मंदावतं आणि टी-फोरचा बराच भाग ‘रिव्हर्स टी-थ्री’ या निरुपयोगी रूपाकडे वळतो. टी-थ्रीचं रक्तातलं आयुष्य जेमतेम दिवसभराचं, त्यामुळे पातळी झपाट्याने उतरते. ग्रंथीला कामाला लावणारं टीएसएच हे संप्रेरक मात्र बऱ्याचदा जागेवरच असतं. इजा जितकी मोठी, तितकी ही घसरण खोल. म्हणून कमी टी-थ्री हे आजाराच्या तीव्रतेचं एक माप ठरतं. इटलीत पिसा इथे ५७३ हृदयरुग्णांवर झालेला, २००३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की टी-थ्री कमी असलेल्यांपैकी १४.४ टक्के रुग्ण पाठपुराव्याच्या काळात दगावले. टी-थ्री नीट असलेल्यांत हे प्रमाण ३ टक्के होतं.

मग टी-थ्री बाहेरून द्यावा का? गुऱ्हाळात रस कमी पडला की चुलवाणाचा जाळ कमी करतात. दुखावलेलं हृदयही तसाच खर्च आवरतं, असं एक मत. हा आवरच पुढे हृदयाला बाधतो, असं दुसरं. वाद मिटलेला नाही, पण घाईचा इतिहास चांगला नाही. अमेरिकेतल्या ‘कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट’मध्ये कोलेस्टेरॉल उतरावं म्हणून झटका येऊन गेलेल्यांना थायरॉक्सिनचाच एक भाऊबंद दिला गेला. मृत्यू वाढताना दिसले आणि तो भाग बंद करावा लागला. इंग्लंडमध्ये झटक्यानंतर टीएसएच किंचित वाढलेल्या ९५ रुग्णांना वर्षभर लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडची नेहमीची गोळी, किंवा खोटी गोळी देऊन पाहिली. २०२० मध्ये निकाल आला: पंपिंगमध्ये फरक नाही. मला तरी यातून इतकंच दिसतं, की आयसीयूतल्या आकड्यावरून गोळी सुरू करू नये. तब्येत सावरल्यावर, साधारण सहा आठवड्यांनी, तपासणी पुन्हा करावी.

झटक्याच्या आधीपासून असलेलं, दुर्लक्षित हायपोथायरॉइडिझम, म्हणजे मंदावलेली ग्रंथी, ही गोष्ट मात्र वेगळी. त्यात यकृताला रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, नीट उचलता येत नाही, कोलेस्टेरॉल वाढतं, खालचा रक्तदाब चढतो. मुंबई आणि गोव्यासह देशातल्या आठ शहरांत झालेल्या पाहणीत दर शंभर प्रौढांमागे जवळपास ११ जणांना हा आजार निघाला. म्हणजे आपल्या घरी, भावकीत कुणीतरी आहेच. वयस्क हृदयरुग्णाला थायरॉइडची गोळी सुरू करताना डॉक्टर १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमपासून बेताने चढतात, कारण जोरकस डोस हृदयाला ऑक्सिजनची जास्त मागणी करायला लावतो आणि ठोकेही बिघडवतो. शेजारणीच्या बाटलीतली १०० ची गोळी ‘मला पण लागू पडेल’ म्हणून घेणाऱ्यांना हे कोण सांगणार?

उलटा घोळही होतो, हृदयाचे उपचारच थायरॉइड बिघडवू शकतात. अँजिओग्राफीच्या डायमध्ये भरपूर आयोडीन असतं. ठोके सुधारायला दिल्या जाणाऱ्या अमिओडॅरोनच्या २०० मिलिग्रॅम गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम, आणि प्रौढ माणसाची दिवसाची गरज १५० मायक्रोग्रॅम! त्यातलं थोडंच मोकळं होतं, तरी ग्रंथी मंदावू शकते किंवा बेफाम धावू शकते. ही गोळी चालू असेल तर दर सहा महिन्यांनी टीएसएच बघतात.

आणखी एक. थायरॉइडमुळे केस गळतात म्हणून अनेक जणी बायोटिन घेतात. त्याचा मोठा डोस काही यंत्रांवरच्या तपासण्या फसवतो. टीएसएच खोटाच कमी दिसतो. शिवाय झटका ओळखण्यासाठी करतात ती ट्रोपोनिनची तपासणीही खोटी कमी येऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्येच तसा इशारा दिला होता. तेव्हा छातीत दुखतंय म्हणून दवाखाना गाठताना बीपी-शुगरच्या गोळ्यांबरोबर केसांची बाटलीही पिशवीत टाकावी, आणि ती कधीपासून चालू आहे तेही सांगावं.