उत्तरायुष्यातील निसर्गचित्रकला : जोधैयाबाई बैगा यांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

चित्रकला ही बालपणापासून जोपासावयाची कला आहे, अशी एक सर्वमान्य समजूत आहे. त्यामुळे साठीनंतर हाती कुंचला घेणाऱ्या व्यक्तीकडे कौतुकाने पाहिले जात असले, तरी तिच्या निर्मितीकडे गांभीर्याने पाहिले जात नाही. 'वेळ घालविण्याचे साधन' असेच तिचे वर्णन केले जाते. ही समजूत कितपत ग्राह्य आहे, उशिरा प्रारंभ करणाऱ्या कलावंताजवळ नेमके कोणते भांडवल असते आणि ते प्रकट होण्यासाठी कोणती परिस्थिती आवश्यक असते, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उशिराच्या प्रारंभाचे दोन प्रकार

भारतीय कलेतील या संदर्भातील सर्वपरिचित उदाहरण रवींद्रनाथ टागोरांचे होय. १८६१ मध्ये जन्मलेल्या रवींद्रनाथांनी वयाच्या साठीनंतर चित्रकलेकडे गांभीर्याने लक्ष दिले. 'पूरबी' या काव्यसंग्रहाच्या हस्तलिखितातील खोडलेल्या ओळी जोडता जोडता त्यांतून आकृती निर्माण होत गेल्या. १९३० मध्ये पॅरिस येथे त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले आणि आयुष्याच्या अखेरपर्यंत त्यांनी एकूण दोन हजारांहून अधिक चित्रे रेखाटली. तथापि रवींद्रनाथांजवळ अवकाश होता, कीर्ती होती आणि कलेचे संस्कार असलेले घराणे होते. त्यांच्या बाबतीत एका कलेकडून दुसऱ्या कलेकडे प्रवास झाला. ज्या व्यक्तीचे संपूर्ण आयुष्य श्रमात गेले, तिच्या बाबतीत हा प्रश्न अधिक मूलभूत स्वरूपात उभा राहतो. त्यासाठी विदर्भाच्या शेजारील मध्य प्रदेशातील एका उदाहरणाकडे वळणे उचित ठरते.

जोधैयाबाई बैगा : श्रमाकडून चित्राकडे

मध्य प्रदेशातील उमरिया जिल्ह्यात, बांधवगडच्या वनप्रदेशात लोढा हे गाव आहे. तेथील जोधैयाबाई या बैगा या आदिम जमातीतील होत्या. शालेय शिक्षणाची संधी त्यांना मिळाली नाही. पतीच्या निधनानंतर मोलमजुरी करून आणि जंगलातील लाकूडफाटा विकून त्यांनी मुलांचे संगोपन केले. शांतिनिकेतन येथे शिक्षण घेतलेले चित्रकार आशिष स्वामी यांनी लोढा येथे 'जनगण तस्वीरखाना' ही कार्यशाळा सुरू केली. तेथे २००८ च्या सुमारास, म्हणजे सत्तरीच्या उंबरठ्यावर, जोधैयाबाईंनी प्रथम रंग हाताळले.

पुढील वाटचाल लक्षणीय आहे. २०१९ मध्ये इटलीतील मिलान येथे त्यांची चित्रे प्रदर्शित झाली. ८ मार्च २०२२ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांना नारी शक्ती पुरस्कार प्रदान करण्यात आला, तर २०२३ मध्ये त्या पद्मश्रीच्या मानकरी ठरल्या. १५ डिसेंबर २०२४ रोजी वयाच्या ८६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. सुमारे दीड दशकाचा हा कलाप्रवास पूर्णतः उत्तरायुष्यातील आहे.

चित्रांतील निसर्ग

जोधैयाबाईंच्या चित्रांत मोहाचे झाड, वाघ, पक्षी आणि बाघदेव यांना प्रमुख स्थान आहे. या निसर्गाचे स्वरूप समजून घेण्यासाठी बैगा जीवनदृष्टी लक्षात घ्यावी लागते. नांगराने भूमातेचे उदर फाडणे बैगांच्या परंपरेत निषिद्ध मानले जाते. त्यामुळे 'बेवर' ही फिरती शेती त्यांची मूळ पद्धती होती. ब्रिटिश काळात या पद्धतीवर निर्बंध आले आणि १८९० मध्ये तत्कालीन मंडला जिल्ह्यातील 'बैगा चक' या मर्यादित क्षेत्रापुरती तिला मुभा राहिली. तेव्हा हा जिल्हा नागपूर ही राजधानी असलेल्या मध्य प्रांतात होता. व्हेरियर एल्विन यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या जीवनपद्धतीची सविस्तर नोंद आढळते.

अशा परंपरेतील व्यक्तीसाठी निसर्ग हे दुरून पाहावयाचे दृश्य नसते. मोहाची फुले चैत्राच्या सुमारास पहाटे गळतात आणि सूर्य वर येण्यापूर्वी ती वेचावी लागतात. जी स्त्री वर्षानुवर्षे ती वेचते, तिला झाडाचा घेर, फांद्यांची ठेवण, खाली येणारी जनावरे यांची माहिती आपोआप होते. पाश्चात्त्य निसर्गचित्रात चित्रकार एका ठिकाणी उभा राहून क्षितिजापर्यंतचा देखावा टिपतो. येथे झाड, प्राणी आणि माणूस एकाच पृष्ठभागावर बरोबरीने नांदतात. ही रचना पाहणाऱ्याची नसून त्यात राहणाऱ्याची आहे.

कारणमीमांसा

या उदाहरणातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, विलंबाचे कारण क्षमतेचा अभाव नव्हते, तर सवडीचा व साधनांचा अभाव होते. दुसरी, हाताचा सराव उशिरा सुरू झाला तरी नजरेचा सराव आयुष्यभर चालू होता; निसर्गचित्राच्या बाबतीत हाच सराव अधिक मोलाचा ठरतो. तिसरी, कार्यशाळेमुळे त्यांना जागा, रंग आणि सोबत मिळाली. मार्गदर्शकाने शिकणाऱ्याच्या स्मृतीला वाव दिला तरच ती स्मृती चित्रात उतरते. तयार नमुने गिरवून घेतल्यास शिल्लक राहते ती केवळ नक्कल.

वाडी परिसराच्या संदर्भात

नागपूरच्या पश्चिमेस अमरावती मार्गावरील वाडी आज गोदामे, मालवाहतूक आणि आयुध निर्माणीच्या सान्निध्यामुळे ओळखली जाते. अशा वस्तीत खेड्यातून आलेले सेवानिवृत्त कामगार आणि ज्येष्ठ स्त्रिया असतात. शेताचा बांध, पळसाचा बहर, तेंदूपानांचा हंगाम हे त्यांच्या स्मरणात असते. नातवंडांना मात्र ते ठाऊक नसते. ही स्मृती कोणी विचारल्याशिवाय बाहेर येत नाही आणि त्या व्यक्तीबरोबरच ती नाहीशी होते. महाविद्यालयाने आठवड्यातून एक दुपार, एक खोली, कागद आणि रंग उपलब्ध करून दिल्यास या नोंदीचा प्रारंभ होऊ शकतो. त्यासाठी मोठ्या अनुदानाची गरज नाही. गेरू, चुना, काजळी ही साधनेही पुरेशी आहेत.

निष्कर्ष

उत्तरायुष्यात चित्रकार होणे म्हणजे राहून गेलेले शिक्षण पूर्ण करणे नव्हे, तर जगण्यातून आधीच झालेल्या शिक्षणाला माध्यम मिळणे होय. प्रत्येक ज्येष्ठ व्यक्ती जोधैयाबाई होईल असे नाही आणि पुरस्कार हा या कार्याचा निकषही नाही. परंतु त्या लोढ्यात रंगांपर्यंत पोहोचल्या नसत्या, तर त्यांनी पाहिलेले जंगल कागदावर उतरले नसते. हे लक्षात घेता, ज्येष्ठांच्या हाती रंग देणे हे समाजाच्या स्मृतीचे जतन करण्याचे कार्य ठरते.